बिज्जूची फिर्याद कोण देणार?

बिज्जू मारला तर कमीत कमी ३ वर्षं तुरुंग, जास्तीत जास्त ७. दंड २५ हजार रुपयांच्या खाली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, अनुसूची १. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच. जबलपूरच्या ओमतीत घंटाघराच्या आसपास उभं राहून हे कुणालाही सांगा, ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. बिज्जूसाठी तुरुंग? त्या मुडदे उकरणाऱ्या जनावरासाठी?

हो, त्याच्याचसाठी.

मराठी घरांत हा प्राणी बिज्जू म्हणून फारसा ओळखीचा नाही. मराठीत त्याचं नाव चांदी अस्वल. डोक्यापासून पाठीवर करडा-पांढरा पट्टा, त्याखाली सगळं अंग काळं, शेपूट आखूड, पुढच्या पायांना लांब दणकट नखं. अस्वलाशी त्याचं नातं नाही. ते पाणमांजराशी आणि विलायतेतल्या बॅजरशी आहे. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. प्रांत तुटला, पण सातपुड्याचं जंगल तुटलं नाही. पेंच आजही दोन्ही राज्यांत आहे आणि तिथला प्राणी कुठल्या भाषेत मारला जातो याने त्याला काही फरक पडत नाही. मराठी माणसाने हा विषय ‘मध्य प्रदेशातला’ म्हणून बाजूला सारू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता आरोपाकडे येऊ. बिज्जू कबरी उकरतो, प्रेतं खातो, म्हणून त्याला मारायचं. हा आरोप जुना आहे. इंग्रजी अमदानीतल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतही तो येतो. उत्तर हिंदुस्थानात तर प्राण्याच्या नावालाच ‘कबर’ चिकटली आणि ‘कबर बिज्जू’ ही शिवी होऊन बसली. पण बिज्जू खातो काय? उंदीर, घुशी, साप, विंचू, सरडे, जमिनीतल्या भुंग्यांच्या अळ्या, बेडूक, फळं आणि मिळाला तर मध. जमीन उकरणं हा त्याचा धंदाच आहे, कारण त्याचं बहुतेक अन्न जमिनीखाली असतं. मेलेलं जनावर सापडलं तर तो तेही खातो. कोल्हा, तरस, रानडुक्कर, गावातली कुत्री हे सगळेच खातात. उथळ पुरलेलं काहीही यांतल्या कुणालाही वासावरून सापडतं. खड्डा उथळ कुणी ठेवला, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

मी तो विचारते. ओमतीच्या आजूबाजूला मुसलमान राहतात, ख्रिस्ती राहतात, हिंदू राहतात. हिंदूंमध्येही लहान मुलांना पुरतात. ज्या बापाने आपलं बाळ नदीकाठच्या मातीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे माती उकरलेली पाहिली, त्याच्या संतापाला मी नावं ठेवणार नाही. तो संताप खरा आहे. पण त्याचं उत्तर काठी नाही, खोल खड्डा आहे. पुरेशी खोली, वरून दगडी फरशी, भोवती काटेरी झुडपांची कुंपणं. हे जुन्या लोकांना माहीत होतं. ते काटे टाकत, दगड रचत. दफनभूमीत खड्डे खणणारा माणूस कमी पैशांत, एकट्याने, पावसात काम करतो, आणि त्याच्या हातून दोन फुटांवर खड्डा थांबला की दोष रात्री फिरणाऱ्या प्राण्याला जातो. महानगरपालिका किंवा दफनभूमीची समिती या खड्ड्यांच्या खोलीकडे लक्ष देत असेल तर तिने ते लोकांना सांगावं. देत नसेल तर आजपासून द्यावं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शहरात बडी ओमती, छोटी ओमतीसारख्या जुन्या वस्तीत ‘बिज्जू पकडला’ म्हणून गर्दी जमते, तेव्हा तो प्राणी बहुधा बिज्जू नसतोच. ते उदमांजर असतं. कौलांच्या खाली, पोटमाळ्यावर, जुन्या वाड्यांच्या छपरात राहणारं, लांब शेपटीचं, तोंडावर काळसर पट्टा असलेलं, झाडावर सहज चढणारं. ते फळं खातं, उंदीर खातं आणि रात्री छपरावर धावून लोकांची झोप मोडतं. बिज्जू जमिनीवरचा, जंगलाच्या आणि शेताच्या कडेचा. शेपटीकडे बघितलं की फरक कळतो: लांब असेल तर उदमांजर, आखूड असेल आणि पाठ पांढरी असेल तर चांदी अस्वल. पण काठी उचलणारा शेपूट बघत नाही. एका नावाखाली दोन प्राणी मारले जातात, आणि दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत. बातम्यांतही दोघांची गल्लत होते. फोटोत उदमांजर, खाली मथळा ‘कबर बिज्जू’. संपादकांनो, तुमच्या एका मथळ्याने मोहल्ल्यात काय पेटतं याची जबाबदारी तुमची आहे. फोटो छापण्याआधी वनखात्याच्या एखाद्या माणसाला दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.

अफवा कुठपर्यंत जाते ते २००७ मध्ये बसऱ्यात दिसलं. इराकमधल्या त्या शहरात लोकांत बोललं जाऊ लागलं की ब्रिटिश सैन्याने माणसं खाणारी बिज्जूसारखी जनावरं शहरात सोडली आहेत. ब्रिटिश सैन्याच्या प्रवक्त्याला उघडपणे ते नाकारावं लागलं. तिथल्या पशुवैद्यांनी सांगितलं की हा प्राणी इथे आधीपासूनच आहे, कुणी आणलेला नाही. लोकांनी तोपर्यंत काही मारलेही होते. युद्धाने हैराण झालेल्या शहराचं भय मी समजू शकते. जबलपूरला युद्ध नाही. आपल्याला कसली घाई आहे?

बिज्जूचं दुर्दैव असं की तो पळत नाही. त्याची कातडी जाड आणि सैल असते. पकडणाऱ्याच्या दातांत कातडी असली तरी तो आत वळून उलट चावू शकतो. कोपऱ्यात सापडला की फुत्कारतो, गुदद्वाराजवळच्या ग्रंथीतून घाण वास सोडतो, पुढे झेप घेतो. याच गुणासाठी मोबाइलवर जगभर त्याचं कौतुक होतं, सिंहाला न घाबरणारा म्हणून. सिंहासमोर हे उपयोगी पडतं. काठ्या घेऊन उभ्या असलेल्या पन्नास माणसांसमोर नाही. लोकांना वाटतं तो हल्ला करतोय. तो फक्त वाट मागत असतो. घेरा सोडा, एक बाजू मोकळी ठेवा, दिवे बंद करा, तो निघून जाईल. एवढंच करायचं असतं, आणि एवढंच कुणी करत नाही.

आणि मारलेल्या बिज्जूची भरपाई लवकर होत नाही. मादीला बहुधा एकच पिल्लू होतं, क्वचित दोन. कालाहारीत कॉलीन आणि कीथ बेग यांनी बिज्जूंच्या मागे वर्षानुवर्षं राहून अभ्यास केला, तेव्हा दिसलं की पिल्लू वर्षाहून जास्त काळ आईवर अवलंबून असतं. शिकार कशी करायची, कुठे उकरायचं, विंचू कसा धरायचा, हे सगळं तेवढ्या काळात ते शिकतं. मादी मारली म्हणजे बिळातलं पिल्लूही मेलं, ते कुणाच्या मोबाइलमध्ये येत नाही. उंदरांच्या वेगाने वाढणारा हा प्राणी नाही.

मध्य प्रदेशात २०२२ च्या गणनेत ७८५ वाघ निघाले. राज्याने त्याचा अभिमान बाळगला, बाळगायलाच हवा. बिज्जूची अशी गणना नाही. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात तो कधी रात्री चालून जातो, तेवढीच त्याची हजेरी.

आता कायद्याबद्दल, कारण कायदा या प्राण्याच्या बाजूने जितका आहे तितकं दुसरं कुणीच नाही. कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, हाकून नेणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकार. गल्लीत दगडांनी ठेचणं म्हणजे शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी किमान दंड १० हजारांवरून २५ हजार झाला. पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला झडती घेण्याचा, माल जप्त करण्याचा, अटक करण्याचा अधिकार आहे. म्हणजे ओमती ठाण्यातला अधिकारीही पंचनामा करू शकतो. ‘हे वनखात्याचं काम’ म्हणून फोन ठेवून देण्याचं कारण त्याला नाही. न्यायालयात तक्रार मात्र वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याने द्यावी लागते. आणि त्याने दिली नाही तर? तर कायद्याने तुम्हाला आणि मलाही दार उघडं ठेवलं आहे: ६० दिवसांची नोटीस द्यायची आणि स्वतः तक्रार करायची. या तरतुदीची माहिती जबलपूरच्या किती वकिलांनी आपल्या पक्षकारांना दिली आहे? या शहरात वकिलांची कमी नाही. उच्च न्यायालय इथे आहे.

फक्त न्यायालयच नाही. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोची देशात पाच प्रादेशिक कार्यालयं आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि जबलपूर. चार महानगरं आणि आपण. नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीवांचं न्यायवैद्यक आणि आरोग्य शिकवणारं केंद्र आहे. केसावरून, हाडावरून, रक्ताच्या थेंबावरून प्राणी ओळखण्याचं ज्ञान या शहरात आहे. उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था इथे आहे, राज्याची वन संशोधन संस्था इथे आहे. देशात क्वचितच एखाद्या शहरात वन्यप्राण्यांसाठी इतक्या संस्था एकत्र सापडतील. मग याच शहरात एक संरक्षित प्राणी गल्लीत मरतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं शव कचऱ्याच्या गाडीत जातं, तर ते आधी संस्थांचं अपयश आहे, लोकांचं अज्ञान नंतर. शव पशुवैद्यक विद्यापीठात गेलं पाहिजे. तिथे तो बिज्जू की उदमांजर ते ठरलं पाहिजे, कशाने मेला ते लिहिलं गेलं पाहिजे, आणि तो कागद वनखात्याच्या फायलीत लागला पाहिजे. एवढी साखळी जोडायला नवा कायदा लागत नाही, नवं बजेट लागत नाही. कुणीतरी एक फोन उचलावा लागतो.

ठेचून मारणं दिसतं तरी. जे दिसत नाही ते शहराबाहेर होतं. रानडुकरांपासून पीक वाचवायला विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार सोडतात. मांस खाण्यासाठीही तसंच करतात. दुचाकीच्या क्लचच्या वायरीचे फास लावतात. कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात. तार डुकरासाठी लावली असली तरी तिला डुक्कर आणि बिज्जू कळत नाही, वाघ कळत नाही, शेजारचा गुराखीही कळत नाही. मध्य भारतात वाघ विजेच्या तारेने मेला की चौकशी बसते. त्याच तारेने बिज्जू मेला की तो बांधावर फेकला जातो. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. पण भरपाईचा अर्ज महिनोन्महिने पडून राहतो तेव्हाच आकड्याची तार शेतात येते, हे वनखात्याने आणि वीज कंपनीने एकाच टेबलावर बसून मान्य करावं. रात्री वाहिनीवर अचानक पडलेला भार वीज कंपनीच्या उपकेंद्रात समजू शकतो. समजल्यावर वनरक्षकाला कळवायचं का, हा निर्णय तेवढा बाकी आहे.

जबलपूर-नागपूर रस्त्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवले आहेत. महाराष्ट्राच्या बाजूला असे ९ मार्ग आहेत, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघासकट लहान-मोठे प्राणी त्यांतून जाताना टिपले गेले. ते मार्ग सहज मिळाले नाहीत. न्यायालयात जाऊन, वर्षानुवर्षं भांडून मिळाले. भांडलं की मिळतं.

काही लोक म्हणतील, एवढं कशाला, त्रास देणारे प्राणी सरकारनेच मारावेत. यासाठी विलायतेतली गोष्ट बघा, कारण तिथे हेच बिज्जूच्या भावाबरोबर झालं. इंग्लंडमध्ये गाई-बैलांना क्षयरोग होतो. बॅजरकडून तो पसरतो म्हणून २०१३ पासून ग्लॉस्टरशर आणि सॉमरसेटमध्ये परवाने देऊन बॅजर मारायला सुरुवात झाली, पुढे ते अनेक परगण्यांत पसरलं. तेव्हापासून दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले आहेत. आणि हे विज्ञान नव्हतं म्हणून झालं असंही नाही. त्याआधी १९९८ पासून कित्येक वर्षं तिथल्या सरकारने स्वतःच मोठी चाचणी घेतली होती, सुमारे ११ हजार बॅजर मारून. जॉन बोर्न यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या गटाने २००७ मध्ये निष्कर्ष दिला की बॅजर मारून गुरांचा क्षय आटोक्यात आणण्याला अर्थपूर्ण हातभार लागणार नाही. कारणही दिलं: मारायला लागलं की उरलेले बॅजर विखुरतात, दूर जातात, आणि रोग भोवतालच्या भागात वाढतो. तरी सहा वर्षांनी बंदुका निघाल्या. कारण गुरांची ने-आण आटोक्यात आणणं, तपासण्या कडक करणं अवघड होतं, आणि बॅजर बोलत नव्हता. २०२४ मध्ये नव्या सरकारने तिथल्या संसदेची ही मुदत संपेपर्यंत हे थांबवण्याचं जाहीर केलं. त्याच देशात बॅजरला, त्याच्या बिळालासुद्धा, १९९२ चा स्वतंत्र कायदा संरक्षण देतो. एका हाताने कायदा, दुसऱ्या हाताने परवाना.

आपल्याकडे बिज्जूबाबत तसं होऊ शकत नाही, कारण अनुसूची १ मधल्या प्राण्याला उपद्रवी ठरवता येत नाही. पण नीलगाय आणि रानडुकराचं झालेलं आहे. २०१५ च्या डिसेंबरात बिहारमध्ये दोघांना उपद्रवी ठरवलं, आणि पुढच्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मंत्रिमंडळातल्याच मेनका गांधी यांचा वाद देशाने ऐकला. त्या गोळ्यांनी बिहारच्या शेतकऱ्याचा प्रश्न सुटला असता तर आज ती मागणी पुन्हा पुन्हा उठली नसती. ज्यांना खरंच उत्तर हवं आहे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या मधपाळांकडे बघावं. बिज्जू पोळी फोडतो म्हणून ते त्याला मारत. मग त्यांना दाखवलं गेलं की पेटी जमिनीपासून मीटरभर उंच स्टँडवर ठेवली, घट्ट बांधली, तर बिज्जूला ती पाडता येत नाही. ज्यांनी तसं केलं त्यांच्या मधाच्या बरणीवर बिज्जूला सांभाळणारा मध अशी खूण लागली, आणि दुकानदारांनी तो मध आवर्जून घेतला. नुकसान कमी झालं, मारणंही कमी झालं.

या शहरात मला काय हवं आहे, ते सरळ लिहिते. ब्युरोच्या प्रादेशिक कार्यालयाने जबलपूरच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, ओमतीपासून सुरू करून, एक पान लावावं: बिज्जूचा आणि उदमांजराचा फोटो, कायद्याचं कलम, वनखात्याच्या बचाव पथकाचा नंबर. महानगरपालिकेने पावसाळ्याआधी दफनभूमी आणि नदीकाठच्या दफनाच्या जागा तपासाव्यात आणि गरिबांच्या दफनासाठी दगडी फरशी फुकट द्यावी. मशिदींच्या समित्या, चर्चचे पाद्री, घाटावरचे पुरोहित यांनी खड्ड्याच्या खोलीबद्दल आपापल्या लोकांना सांगावं. त्यांचं लोक ऐकतात, माझं ऐकतील याची मला खात्री नाही. पशुवैद्यक विद्यापीठाने दर वर्षी शहरात मेलेल्या अशा प्राण्यांची यादी, कशाने मेले त्यासकट, वर्तमानपत्रांना द्यावी.

आणि तुमच्या गल्लीत कधी रात्री ‘मारो, कबर बिज्जू है’ असा ओरडा उठला, तर ११२ लावा. पोलिसांना सांगा, अनुसूची १ चा प्राणी आहे, वनखात्याला कळवा. मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचाच असेल तर काठी धरलेल्या हाताचा घ्या.